अपोक्रिफा वाचायचाय? गोठ्यापासून सुरुवात करा

अपोक्रिफा म्हणजे बायबलात न घेतलेले जुने ख्रिस्ती ग्रंथ. आमच्या वसईत नाताळचा गोठा मांडताना बैल आणि गाढव कुणी विसरत नाही. आता बायबलातलं लूकचं शुभवर्तमान उघडा. गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत; बैल-गाढव नाहीत. ती जोडी भेटते ‘छद्म-मत्तय’ या बऱ्याच उशिराच्या लॅटिन ग्रंथात. मरियेच्या आईवडिलांची नावं, आन्ना आणि योआकिम, हीसुद्धा चारही शुभवर्तमानांत नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मोठ्या मुलांना मी आधी अशीच यादी करायला लावते: आपल्याला ठाऊक आहे, पण बायबलात नाही, असं काय काय?

यादी झाली की दुसऱ्या शतकातलं ‘याकोबाचं आद्यशुभवर्तमान’ घ्या. आन्ना-योआकिम तिथलेच. एका संध्याकाळी वाचून होतं. एम. आर. जेम्स यांचं १९२४चं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं, भाषा मात्र जुन्या वळणाची. ‘थोमाचं शुभवर्तमान’ या ११४ वचनांच्या ग्रंथाकडे लगेच धावू नका. त्यात गोष्टच नाही, नवखा माणूस दहाव्या वचनाला पुस्तक मिटतो.

पहिलं वाचन टीपांशिवाय करा. दुसऱ्या वेळी वही घ्या आणि दोन काळ वेगवेगळे लिहा: ग्रंथ रचला कधी, हाती असलेली प्रत कधीची. हे का, ते अठराव्या अध्यायात कळतं. योसेफ सुईण शोधायला निघतो आणि सगळं जग थबकतं. पाखरं आकाशात थिजलेली, मजुरांचे हात ताटातच, मेंढपाळाची उगारलेली काठी वरच्या वर. मला विचाराल तर अख्ख्या ग्रंथात याच्या तोडीचं काही नाही. पण बोडमर पपायरस या अतिशय जुन्या प्रतीत हा भागच नाही! मागून घातला, की त्या प्रतीत गाळला? वहीत दोन्ही शक्यता लिहा, निकाल देऊ नका.

मग ‘थोमाची कृत्यं’, म्हणजे येशूचा शिष्य थोमा याच्या प्रवासाची गोष्ट. यात भारत आहे, म्हणून आपली माणसं जरा जास्तच हुरळतात. येशू थोमाला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला विकतो, थोमा गुंदफर राजाचा महाल बांधायला येतो आणि बांधकामाचा पैसा गोरगरिबांना वाटून टाकतो. या राजाची नाणी वायव्येकडे सापडली आहेत, म्हणजे राजा खरा. तेवढ्याने थोमाचा प्रवास सिद्ध होत नाही. शिवाय वाटेतलं बंदर ग्रंथाच्या ग्रीक पाठात अंद्रापोलिस आहे, सिरियाक भाषेतल्या पाठात संदरूक. ते आपल्याच किनाऱ्यावर होतं असं कुणी ठासून सांगितलं, तर आधी विचारा, कुठला पाठ वाचलात?