बेस गिटार वाजवताना इअरप्लग घाला, पण फोमचे नकोत
फोमचे स्वस्त प्लग खालच्या सुरांपेक्षा वरचे सूर जास्त कापतात. मग बेस नुसता घुमतो, तार छेडल्याचा ‘टक्’ ऐकू येत नाही. वादक बोटं आपटू लागतो आणि मनगट भरून येतं. त्यापेक्षा सगळे सूर सारखेच, साधारण १५ डेसिबलने उतरवणारे फिल्टरवाले प्लग घ्या. घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा. नीट बसला की स्वतःचं बोलणं घागरीत बोलल्यासारखं येतं. १०० डेसिबलला उघड्या कानांची मर्यादा जेमतेम १५ मिनिटं. १५ डेसिबल उतरले की ती ८ तासांवर जाते, निदान कागदावर. आणि अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) गुडघ्याशी ठेवून आवाज वाढवण्यापेक्षा अँपच भक्कम स्टुलावर चढवा, म्हणजे आवाज पायांऐवजी कानांकडे येईल.