मठातल्या दोन भगिनी: शांपेन्यच्या १६६२च्या चित्राची प्रतिकृती हाताने कशी रंगवावी

कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. मूळ अर्थाच्या कॉन्व्हेंटचं, म्हणजे धर्मभगिनींच्या मठाचं, आतलं जगणं दाखवणारी जुनी चित्रं युरोपात बरीच आहेत. प्रतिकृतीसाठी त्यातलं एक मी हक्काने सुचवते: फिलिप द शांपेन्य यांचं ‘एक्स-व्होतो’, म्हणजे नवस फेडण्यासाठी काढलेलं चित्र. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

रंगवण्याआधी गोष्ट माहीत हवी, नाहीतर हात भलतीकडे जातो. चित्रकाराची मुलगी कॅथरिन पोर-रोयाल मठात भगिनी होती. चौदा महिने ताप आणि पाय लुळे पडलेले. मदर आन्येस आर्नो यांनी तिच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली (वसई-वांद्र्याच्या वाचकांना नोव्हेना समजावून सांगायला नको) आणि जानेवारी १६६२मध्ये मुलगी चालू लागली. बापाने कृतज्ञतेपोटी हे चित्र काढलं. चमत्काराचं चित्र असूनही त्यात ना देवदूत, ना ढग. करडी भिंत, दोन बायका, मधे प्रकाशाचा एक झोत. म्हणूनच ते अवघड आहे. चूक लपवायला झालरसुद्धा नाही.

माप आणि चौकटी

मूळ चित्र १६५ × २२९ सेंटिमीटर आहे. घरात एक तृतीयांश पुरे: ५५ × ७६.३. लूव्रमध्ये १७९३पासून लोक समोर बसून नकला करत आले आहेत, आणि तिथेही प्रत मूळ मापाची करू देत नाहीत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठा फोटो उतरवा, छापून घ्या आणि त्यावर मूळच्या १५ सेंटिमीटरला एक अशा चौकटी पाडा. कॅनव्हासवर त्या ५ सेंटिमीटरच्या होतील: उभ्यात बरोबर ११, आडव्यात १५ आणि कडेला सव्वा सेंटिमीटरची पट्टी. आपले सिनेमाचे बॅनर रंगवणारेही अशाच चौकटी टाकायचे. कोळशाने हलकं रेखाटन करा. आधी दोन्ही आकृत्यांचा बाहेरचा आकार, चेहरे शेवटी.

तपकिरी थर

पांढऱ्या जेसोवर, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेल्या अस्तरावर, थेट सुरू करू नका. रॉ अंबर हा तपकिरी मातीचा रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फिरवा, चिंधीने पुसा. तो वाळला की त्याच रंगाने सावल्या बसवा. फोनमध्ये फोटो काढून कृष्णधवल करून मूळाशी ताडून बघा. इथे जुळलं नाही तर पुढे रंगाने काहीही सावरत नाही. नंतरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल आधीच्यापेक्षा थोडं जास्त घ्यायचं. उलट केलं तर वरचा थर तडकतो. तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात कोंबू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

पांढरा रंग

खरं काम इथे आहे. माझ्या पहिल्या प्रतीत मी ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट तसाच लावला आणि दोघी नीळ घातलेल्या चादरी पांघरून बसल्यासारख्या दिसू लागल्या. त्यांची वस्त्रं न रंगवलेल्या लोकरीची वाटायला हवीत. उजेडातल्या भागाला पांढऱ्यात यलो ऑकरचा (पिवळट मातीच्या रंगाचा) चिमूटभर आणि काळ्याचा त्याहून कमी अंश. सावलीला पांढरा, काळा आणि थोडा अंबर. काळ्या-पांढऱ्याची करडी छटा या ऊबदार रंगांशेजारी आपसूक निळसर दिसते, वेगळा निळा लागत नाही. निव्वळ पांढरा फक्त गुडघ्यावरच्या एक-दोन घड्यांच्या कडेला.

त्या वस्त्रांवर छातीपाशी लाल क्रूस आहे. या मठातल्या भगिनींनी तो १६४७पासून घेतला. सगळ्या चित्रात उठून दिसणारा लाल एवढाच, त्यामुळे तो भडक करायचा मोह होतो. कॅडमियम रेडमध्ये अंबरचं बोट बुडवा आणि घड्यांसोबत क्रूसही वाकवा. सपाट काढलात तर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसेल.

चेहरे, झोत, अक्षरं

मदर आन्येस सत्तरीला टेकलेल्या, कॅथरिन पंचविशीतली. कुणालाही सुंदर करू नका, हसवू तर मुळीच नका. कॅथरिनच्या मांडीवरची अवशेषपेटी (संतांचे अवशेष ठेवायची पेटी) आणि तिचे आधारावर लांब ठेवलेले पाय नीट काढा. आजारपण तिथेच दिसतं. प्रकाशाचा झोत भिंत पूर्ण वाळल्यावर. कोरड्या, जवळजवळ रिकाम्या ब्रशने पांढरा-ऑकर घासायचा आणि लगेच अर्धा पुसायचा. पाहुण्याला तो पहिल्या नजरेत दिसला तर जास्त झाला.

डावीकडे भिंतीवर लॅटिन मजकूर आहे, सुरुवात ‘ख्रिस्तो उनी मेडिको’ अशी, म्हणजे ‘एकमेव वैद्य ख्रिस्ताला’. शून्य नंबरचा ब्रश आणि हाताला आधार द्यायला काठी घ्या. एका बैठकीत दोन-तीन ओळींपेक्षा जास्त नको, अक्षरं तिरकी होत जातात.

व्हार्निशची घाई नको, सहा महिने तरी थांबा. पावसाळ्यात रंगवलं असेल तर आणखी. शांपेन्य १६७४मध्ये वारले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही, पण त्यांची सही उतरवू नका. मागच्या बाजूला ‘शांपेन्य यांच्या चित्रावरून’, तुमचं नाव आणि साल लिहा.