बायोप्सीआधी कॉन्फोकल: डागाची प्रतिमा बिघडू नये म्हणून

रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल मायक्रोस्कोप ८३० नॅनोमीटरच्या लेझरने त्वचा न कापताच तिचा आडवा थर दाखवतो, तोही करड्या रंगात. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने अशा करड्या थरांना पॅथॉलॉजीत (कापलेल्या तुकड्याच्या तपासणीत) दिसणाऱ्या गुलाबी-जांभळ्या रंगात आणणारी एआय पद्धत प्रसिद्ध केली. पण मूळ प्रतिमा खराब असेल तर वर चढलेला रंग फसवतो. म्हणून मेहनत घ्यायची ती रुग्णाच्या त्वचेवर.

आधी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा पाहायच्या दिव्याच्या भिंगाने, डाग पाहून संशयाची जागा ठरवा. मलम, सनस्क्रीन स्पिरिटने पुसा, दाट केस कापा. डागावर मिनरल ऑइलचा एक थेंब टाका आणि कडीची (यंत्र त्वचेवर टेकवणाऱ्या गोल चौकटीची) चिकट काच एका कडेने टेकवत बसवा. सपाट दाबली तर हवा अडकते आणि बुडबुड्यामागचं काहीच दिसत नाही. काच आणि यंत्राचं भिंग यांच्यामध्ये अल्ट्रासाउंड जेल भरा. कडी फार दाबू नका, दाबाने वरच्या रक्तवाहिन्या मिटतात. छाती-पोटावर श्वासामुळे प्रतिमा तुटक येते. रुग्णाला आडवं झोपवून हळू श्वास घ्यायला सांगा. नाकाच्या कडेला तर कडी धड बसतच नाही, तिथे हातात धरायचं यंत्र बरं.

सर्वात वरचा शिंगी थर दिसला की खोलीचा आकडा शून्य करा. मग एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर), एपिडर्मिस आणि त्याखालच्या डर्मिसची सीमा आणि वरचा डर्मिस अशा तीन पातळ्यांवर मोझॅक, म्हणजे छोट्या प्रतिमा जोडून केलेली मोठी प्रतिमा, घ्या. संशयाच्या जागी मात्र काही मायक्रॉनच्या अंतराने उभी मालिका हवीच, कारण कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत रंग चढवताना शेजारचे थरही वापरले जातात.

रंगीत प्रतिमा आली की करडी शेजारी ठेवूनच वाचा. करड्यात पेशीचं केंद्रक अंधुक आणि रंगीत प्रतिमेत ठळक दिसत असेल, तर त्यावर विसंबू नका. आडव्या छेदाची सवय नसलेल्या पॅथॉलॉजिस्टचाही इथे गोंधळ उडतो. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य चमकतं. तळच्या थरातल्या पेशींवरच्या चमकदार टोप्या नेहमीच्याच, त्यांना रोग समजू नका.

प्रकाश साधारण २०० ते २५० मायक्रॉनपर्यंतच उपयोगी पोचतो. त्यामुळे गाठ, व्रण, जाड खपली किंवा तळपायावरचा काळा डाग असेल तर यंत्रात वेळ घालवू नका, बायोप्सीसाठी तुकडा काढा. मेलानोमा (त्वचेचा घातक कर्करोग) किती खोल गेला हेही इथे मोजता येत नाही.