घसा दुखतोय? आधी स्वॅब, मग गोळी

मी लॅबमध्ये घशाचे स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घशातले नमुने, घेते. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला पहिलं विचारते, अँटिबायोटिक सुरू केलंय का? दोन-चार डोस पोटात गेले असतील तर घशात जंतू असूनही कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून पाहायच्या चाचणीत, उगवत नाही, आणि मग रिपोर्टचा काही उपयोग राहत नाही.

मुळात घसादुखी बहुतेकदा व्हायरल असते. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर स्वॅबचीही गरज नसते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल पुरतं. पण अचानक ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे डाग, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला अजिबात नाही, असं असेल तर स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस (थोडक्यात स्ट्रेप) या बॅक्टेरियाची शंका घ्यायची. 5 ते 15 वयाच्या मुलांत तर नक्कीच.

स्वॅब घेताना मोठ्याने 'आ' करा. कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर फिरायला हवी, जिभेला-गालाला लागता कामा नये. उमासा येतो, पण क्षणभरच. स्ट्रेप असेल तर दुसऱ्या दिवशी कल्चरच्या रक्त घातलेल्या लाल प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे राखाडी ठिपके दिसतात आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून पारदर्शक कडं पडलेलं असतं. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत मिळतं, पण मुलांमध्ये ती निगेटिव्ह आली तरी कल्चर करून घ्या.

रिपोर्टसाठी एक-दोन दिवस थांबायला लोक घाबरतात. पण स्ट्रेपनंतर येऊ शकणारा आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप टाळायला दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी चालतं.

औषध म्हणजे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण 10 दिवस. हा जंतू अजूनही पेनिसिलिनला दाद देतो. अझिथ्रोमायसिनचा कोर्स छोटा म्हणून लोक तेच मागतात, पण त्याला न जुमानणारे स्ट्रेप आता बरेच सापडतात. ते पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ठेवावं. तिसऱ्या दिवशी घसा मोकळा वाटतो आणि गोळ्या सुटतात, तसं कृपा करून करू नका. हृदयाच्या झडपा वाचवायला पूर्ण कोर्स लागतो. मुलाचा ताप उतरला आणि औषधाला एक दिवस झाला की शाळेत पाठवायला हरकत नाही.

तोंड उघडेना, लाळ गिळवेना, एकाच बाजूला जोरात दुखतंय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर लॅबमध्ये येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.