राखोळीचे पैसे थकले तर जनावर विकू नका

सांगोल्याजवळ माझा बावीस जनावरांचा गोठा आहे. निम्मी माझी, निम्मी लोकांची राखोळीला, म्हणजे पैसे घेऊन सांभाळायला आलेली. भाकड म्हशी, कालवडी, घराचं बांधकाम निघालं म्हणून दोन महिने ठेवलेली एखादी बैलजोडी.

चार वर्षांपूर्वी एकाने गाभण म्हैस आणून बांधली. रोजचे 120 ठरले, तेही तोंडी. 4,000 दिले आणि पुढे फोन उचलेना. 140 दिवसांचे 16,800 झाले, म्हणजे बाकी 12,800. त्यात म्हैस व्याली, रेडी झाली. मी म्हटलं, चला, रेडी तरी आपली.

वकीलसाहेब हसले. ‘‘भाऊ, तुमची नाही ती.’’ 1872 च्या करार कायद्यातलं कलम 163 त्यांनी पुढं ठेवलं. त्यातलं उदाहरणच गाईचं आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकाला द्यायचं. माझाच गोठा बघून लिहिलंय जणू! दुधाचाही हिशेब द्यावा लागला. डेअरीच्या पावत्यांवरून 1,900 वजा केले, बाकी 10,900 राहिली.

मग म्हैस तरी अडवून ठेवायची का? इथंच बहुतेकांची गल्लत होते. कलम 170 प्रमाणे, दिलेल्या वस्तूवर मेहनत किंवा कसब लावलं असेल तर मेहनताना मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. खोंड औताला शिकवून दिला, तर हे सरळ लागू पडतं. नुसतं चारापाणी केलं असेल तर हक्क कच्चा. इंग्लंडमधले जुने निकाल याच्या विरोधात आहेत आणि समोरचा वकील नेमके तेच काढणार. शिवाय हक्क असला तरी तो अडवण्याचा, विकण्याचा नाही. परस्पर बाजारात नेलंत तर अपहाराची तक्रार तुमच्यावर व्हायची.

म्हणून आता जनावर उतरवायच्या आधी 500 च्या स्टॅम्पवर लिहून घेतो. मुख्य ओळ अशी: ‘‘राखोळीच्या रकमेपोटी हे जनावर व त्याला होणारं वासरू तारण राहील, दोन महिने रक्कम थकल्यास पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन विकता येईल.’’ तारण म्हटलं की कलम 176 लागतं आणि वाजवी नोटिशीनंतर विक्रीचा अधिकार मिळतो. विकून जास्त आले तर वरचे पैसे मालकाचे, कमी पडले तर त्याच्याकडून वसूल. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे, शिंगं, अंगावरच्या खुणा लिहा, फोटो काढा. मालक खरा कोण तेही बघा; भावाची म्हैस आणून बांधणारे महाभाग मी पाहिलेत.

वही रोज भरायची. सरकी पेंड किती, कडबा किती, डॉक्टर कधी आले, सगळं. नुसतं ‘खुराक’ लिहून भागत नाही.

पैसे थकले म्हणून वैरण तोडू नका. राग मालकावरचा आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा गुन्हा तुमच्यावर! जनावर दगावलं तर लगेच डॉक्टरांचा दाखला आणि पंचनामा घ्या. नीट सांभाळलं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

जनावर एकदा सोडलंत की धरून ठेवायचा हक्क संपला. पैशाचा दावा उरतो, तो साधारण तीन वर्षांत लावायचा.

माझ्याकडे तेव्हा कागद नव्हता. पोचपावतीसह नोटीस पाठवली, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. अकराव्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. त्याने ताणलं असतं तर माझी बाजू लंगडी होती, पण वही बघून गप्प बसला. 10,900 मोजून घेतले, मग दावं सोडलं. रेडी आधी टेम्पोत चढवली. म्हैस तिच्यामागं आपणहून चढली.