मोठेपणी हिब्रू वाचायला बसताना

हिब्रू उच्चार देवनागरीत लिहिलेली तेफिल्ला, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, बाजूला ठेवा. आज जमत नसेल तर पुढच्या महिन्यात ठेवा, पण ठेवा. चाळिशी-पन्नाशीत हिब्रू वाचायला शिकू पाहणाऱ्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मंडळींना मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. ते नीट पटावं म्हणून थोडी लांबण लावतो.

शेमाची प्रार्थना, किद्दूशचा प्याला, मलिद्याचं ताट, शब्बाथचे म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचे दिवे यांची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. ते घरातूनच मिळतं. घरातून मिळत नाही ते वाचन, आणि माझ्या पिढीत तर फारच थोड्यांना मिळालं. शनिवारी शाळा, पुढे शनिवारी कचेरी, सिनेगॉगला जाणं सणासुदीपुरतं. ज्यांना हिब्रू चांगलं येत होतं त्यांतले कितीतरी १९४८नंतर इस्राएलला गेले. मग एक दिवस मुलीचं लग्न ठरतं, तिकडचे नातेवाईक येतात, किंवा घरातलं मोठं माणूस जातं आणि कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, आपल्यावर येतो. माझ्यावर तो वडिलांच्या वेळी आला. कद्दीशची भाषा अरामी, अक्षरं हिब्रू, आणि म्हणायचा अकरा महिने. कुणीतरी देवनागरीत लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. त्या दिवशी तो उपकारच होता. शोकात असलेल्या माणसाला अक्षरं गिरवायला लावायची नसतात, त्याला कागदच द्यायचा असतो. ज्यांच्या घरी नुकतंच दुःख घडलं आहे त्यांनी माझं पहिलं वाक्य स्वतःला लावून घेऊ नये.

पण शोकाचं वर्ष सरतं आणि कागद खिशातच राहतो. माणूस अडकतो तो इथे.

देवनागरीतून म्हणायला लागलं की थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो. आमेन वेळेवर पडतो. शेजारच्या बाकावरचे काका कौतुकाने मान हलवतात. पाहणाऱ्याला वाटतं शिक्षण चाललंय, आपल्यालाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात डोळा हिब्रू ओळीकडे जातच नाही, कारण जायची गरज राहिलेली नसते. समोर दोन लिप्या असल्या की डोळा ओळखीची लिपी उचलतो, मग तुमचा निश्चय कितीही पक्का असो. समोरासमोर छापलेलं पुस्तक घेऊन ‘मी अधूनमधून हिब्रू बाजूही बघत जाईन’ म्हणणारे पुष्कळ पाहिले. त्यांतलं कुणी त्या रस्त्याने वाचायला शिकल्याचं मला माहीत नाही.

दुसरं, देवनागरीत उतरताना अक्षरांतले भेद पुसले जातात. आलेफ आणि आयिन दोन्ही ‘अ’ होतात. तेथ आणि ताव एक होतात, सामेख आणि सीन एक होतात. हेथ कधी ‘ह’ होतं, कधी ‘ख’, म्हणजे ‘हे’ किंवा खाफ या अक्षरांपैकी कुणाच्या तरी घरात जाऊन बसतं. नुसतं म्हणायचं असेल तर यात काही बिघडत नाही. पण हिब्रूचे बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. मूळ ओळखता आलं की एका शब्दावरून पाच-सहा शब्द उलगडतात. व्यंजनच चुकीचं धरलं तर कोशात पान सापडत नाही, आणि आपण समजतो की भाषाच अवघड आहे.

तिसरी अडचण खास आपली, मराठी डोळ्यांची. पहिलीपासून आपल्याला सवय अशी की व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी काही नसेल तर त्यात ‘अ’ असतोच. हिब्रूत तसं नाही. तिथे उघड्या अक्षरात कुठलाच स्वर धरलेला नसतो. स्वर हवा तर निकुदची खूण खाली, वर किंवा पोटात घालावी लागते. दालेथ, बेथ, रेश ही तीन अक्षरं घ्या. निकुद बदलला की त्यांचं दावार होतं, म्हणजे गोष्ट. देवेर होतं, म्हणजे रोगराई. दिब्बेर होतं, म्हणजे तो बोलला. मराठी डोळा मात्र उघडी अक्षरं पाहिली की सगळीकडे ‘अ’ टाकत सुटतो. ही सवय देवनागरी वाचत राहून कधीच मोडत नाही, उलट रोज घट्ट होते. म्हणून म्हणतो की देवनागरीची तेफिल्ला बरीच वर्षं वापरलेल्या माणसापेक्षा अगदी कोरा माणूस लवकर वाचू लागतो. ऐकायला कडू आहे, पण वर्गात बसलेल्या कुणालाही विचारा.

यात मराठी भाषांतर धरू नका. ते टाकायचं नाही, जपायचं. मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांना आपण देवापुढे काय मागतोय ते कळत होतं. अर्थ मराठीत वाचा, मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांना ऐकवा. उच्चार मात्र मूळ अक्षरांवरूनच काढा.

पाठांतराशीही माझं वैर नाही. मलिद्याच्या ताटाभोवती ‘एलियाहू हन्नबी’ म्हणताना कोण पुस्तक उघडतं? ते पाठच असावं. पण जे पाठ आहे त्यावर वाचन शिकायला गेलात तर जीभ डोळ्याच्या पुढे पळते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: शेमाचा पहिला परिच्छेद घ्या आणि शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत या, एकेक शब्द, बोट अक्षराखाली ठेवून. अर्थ लागणार नाही, लय मोडेल, आणि तेच हवं आहे. जीभ थांबते आणि डोळ्याला काम करावं लागतं. हे जमलं की अश्रे ही रोजची प्रार्थना घ्या. त्यातलं १४५वं स्तोत्र अक्षरांच्या क्रमाने रचलेलं आहे, आलेफची ओळ, बेथची ओळ, असं तावपर्यंत. फक्त नूनची ओळ नाही. दिवसातून तीनदा ते म्हटलं जातं, म्हणजे उजळणी आपोआप होते. ओळीचं पहिलं अक्षर काय असणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे सारखी दिसणारी अक्षरं, दालेथ आणि रेश, बेथ आणि खाफ, ‘हे’ आणि हेथ, शांतपणे शेजारी ठेवून बघता येतात.

शेवाची भीती मनातून काढून टाका. अक्षराखाली उभी दोन टिंबं कधी मुकी असतात, कधी त्यांचा ओझरता ‘ए’ होतो, आणि याचे नियम ऐकून नवे लोक हाय खातात. आपण मराठीत लिहितो ‘करवत’ आणि कुठला ‘अ’ उच्चारायचा, कुठला गिळायचा हे कुणी न शिकवता करतो. कान बसला की शेवाही बसतो. चार-सहा महिने चुकीचा म्हणालात तरी चालतं.

आता शिकवणाऱ्यांविषयी. माझी मतं ठाम आहेत. मोबाइलवरच्या अॅपने अक्षरं ओळखता येतात हे खरं, पण शब्बाथला फोन बंद असतो. ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी जो गुरू सोबत नसतो त्याच्यावर किती विसंबायचं? पुस्तक सोबत असतं, माणूस सोबत असतो. बाहेरून थोड्या आठवड्यांसाठी येणाऱ्या शिक्षकांकडून व्याकरण जरूर शिका. पण असाच एक शिक्षक आमच्या वर्गातल्या वयस्क बाईंना सगळ्यांदेखत म्हणाला की तुमचे उच्चार चूक आहेत, सगळं पुन्हा शिका. त्या परत आल्या नाहीत. मला आजही त्याचा राग आहे. जुन्या सिनेगॉगांची नावंच पाहा: मागेन आबोथ, बेथ एल, सुक्काथ शेलोमो. आजच्या इस्राएलात त्या ‘थ’च्या जागी ‘त’ म्हणतात. दोन्ही शुद्ध आहेत. तुम्ही ज्या सिनेगॉगात उभे राहणार तिथल्या हजानांचा, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांचा, उच्चार आणि त्यांची चाल आधी धरा. शनिवारी रेकॉर्डिंग करता येत नाही, म्हणून आठवड्यात एखाद्या संध्याकाळी वेळ मागा. हजान तापट असले तरी मागा. पिर्के आबोथ या जुन्या वचनसंग्रहात हिलेल या गुरूंचं वचन आहे की लाजणारा शिकू शकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही. त्यातला अर्धाच भाग आपल्या हातात आहे.

त्याच पिर्के आबोथमध्ये असंही म्हटलं आहे की म्हातारपणी शिकणं म्हणजे खोडलेल्या कागदावर शाईने लिहिणं. हे वाक्य मला फार दिवस टोचत राहिलं. कारण काल घोटलेलं आज खरंच पुसट होतं. पण रब्बी अकिवांनी चाळिशीत आपल्या मुलाबरोबर बसून आलेफ-बेथ गिरवल्याचीही परंपरा आहे. आणि आपल्या समाजाचं काय? कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आपल्या पूर्वजांच्या वंशजांकडे शेमा होता, शब्बाथ होता, सुंता होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली अशी कोकणात ओळख होती, पण पुस्तक नव्हतं. बाहेरून आलेल्या डेव्हिड राहाबी या ज्यू गुरूंनी निवडून शिकवलं ते मोठ्या माणसांना, अशीच आठवण सांगतात. पुढे कोचीनहून शिकवणारे आले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू मिशनरी होता, पण आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. ठाण्याचं शाआर हशामायिम सिनेगॉग १८७९चं, मुंबईचं शाआर हराहमीम १७९६चं. या वास्तू मोठेपणी शिकलेल्या समाजाने उभ्या केल्या आहेत. वय झालं म्हणून लाजायचं कारण नाही.

एक सावधगिरी मात्र कडकपणे पाळा. आपल्याकडे माणसं कमी. मिनियानचे, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा जमवतानाच फोन फिरवावे लागतात, त्यामुळे कुणी थोडं वाचू लागला की लगेच ‘पुढच्या शब्बाथला सेफेर तुम्ही वाचा’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, तरी नाही म्हणा. सेफेरमध्ये, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत, निकुद नसतो, सुराच्या खुणा नसतात, विराम नसतात. वाचणाऱ्याने ते सगळं आठवडाभर घोटून आणायचं असतं. त्यासाठी तिक्कून नावाचं पुस्तक असतं. त्यात एका रकान्यात खुणांसकट मजकूर आणि दुसऱ्यात सेफेरसारखा उघडा. ते काम पुढच्या वर्षांचं आहे. तोराला बोलावलं तर जरूर जा, तिथे तुम्ही आधीची आणि नंतरची बेराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणायची असते, वाचणारा वाचतो. आणि वाचताना शब्द चुकला की बाकांवरून लगेच दुरुस्ती येते. ती रीत आहे, अपमान नाही. समर्थ वाचणाऱ्यालाही थांबवतात. पहिल्यांदा कान लाल होतात हे मान्य, पण तो शब्द पुन्हा कधी चुकत नाही.

सुरुवात तिश्री महिन्यात करू नका. नव्याचा सण, दारफाळणी, सुक्का सगळं एकामागून एक येतं, कुणाला तुमच्यासाठी वेळ नसतो आणि लांबलचक प्रार्थनांत नवा माणूस हरवतो. सिमहाथ तोराचा सण झाल्यावर बेरेशिथपासून, म्हणजे तोराच्या आरंभापासून, वाचन नव्याने सुरू होतं, तो आठवडा बरा. आणि सिद्दूर, म्हणजे हिब्रू प्रार्थनापुस्तक, मोठ्या टाइपाचा मागून घ्या. निकुदच्या खुणांत हिरिक एक टिंब, सेरे आडवी दोन, शेवा उभी दोन, सेगोल तीन. बारीक छपाईत चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ही टिंबं एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि बरेच जण महिनोन्महिने समजत राहतात की आपल्याला हिब्रू येत नाही. आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.