पळत्या लोखंडाला पहिलं दार दिसत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत रुजू झाले तेव्हा माझे सेफ्टी शूज नवे होते आणि आत्मविश्वास शूजपेक्षाही नवा होता. पहिल्याच आठवड्यात एक काम गळ्यात पडलं. ग्रे आयर्नचं एक हाउसिंग, वजन जेमतेम अठरा किलो, मशिनिंगला गेलं की नेमकी एकाच कोपऱ्यात साच्याची वाळू निघायची. पीस रिजेक्ट.

साच्याला तीन इनगेट होते, म्हणजे धातू आत शिरायची तीन दारं. एक स्प्रूच्या (धातू वरून ओततात त्या उभ्या नळीच्या) जवळ, एक मध्ये, एक टोकाला. वाळू निघायची ती टोकाच्या गेटसमोर. मी हिशेब मांडला: जवळच्या गेटमधून सगळ्यात जास्त धातू आत जात असणार, टोकाला पोचेस्तोवर जोर संपत असणार, म्हणजे तिथला धातू थंड आणि आळशी. उपाय? ओतताना तापमान वीस अंशांनी वाढवा. वाढवलं. वाळू आणखी निघायला लागली.

मोल्डिंगचे मिस्त्री दोन दिवस गप्प राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, लोखंड पळत येतंय न्हवं? पळत्याला पहिलं दार दिसतंय व्हय?"

त्यांनीच सुचवलं म्हणून एका साच्यात मुद्दाम अर्धाच धातू ओतला. थंड झाल्यावर साचा फोडला. टोकाच्या गेटसमोर धातूचा चांगला ढीग जमला होता, आणि पहिल्या गेटच्या तोंडात जेमतेम बोटभर जीभ आली होती. माझं सगळं गणित उलटं होतं. रनर, म्हणजे स्प्रूपासून गेटांपर्यंत धातू नेणारी आडवी वाट, सगळीकडे सारख्याच जाडीचा असेल तर धातू वेगाच्या भरात पहिली दोन दारं ओलांडून टोकाला जाऊन आदळतो. तिथे वेग मरतो, दाब वाढतो आणि सगळ्यात जास्त धातू त्या शेवटच्या गेटमधूनच आत घुसतो. समोरची वाळू त्याने खरवडली जात होती, आणि मी त्याला अजून तापवून अजून पातळ करत होते.

प्रत्येक गेटनंतर रनरची जाडी कमी केली आणि शेवटच्या गेटच्या पुढे रनर थोडा वाढवला, म्हणजे सुरुवातीचा थंड, घाणेरडा धातू त्या शेपटीत अडकून राहतो. तक्रार थांबली. मला मात्र झोप लागेना, कारण हे सगळं मी तिसऱ्या वर्षी शिकले होते. बर्नोलीचं समीकरण मला पाठ होतं. ट्रान्सपोर्ट फिनॉमेनात, म्हणजे प्रवाह आणि वहनाच्या विषयात, मार्कही चांगले होते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय म्हणून आधीच सांगते: बहुतेकांचं असंच होतं. पुण्यात सीओईपी, नागपुरात व्हीएनआयटी, पवईला आयआयटी, कुठेही मेटलर्जी करा, प्रवाहाचा विषय येतो आणि बहुतेक जण तो परीक्षेपुरता उरकतात. 'गेट' या प्रवेश परीक्षेच्या मेटलर्जीच्या पेपरातही तो आहे: स्निग्धता, पाइपमधला आणि सपाट पृष्ठभागावरचा प्रवाह, उष्णता आणि वस्तुमानाचं वहन. प्रश्न सुटतात, पण तो सपाट पृष्ठभाग म्हणजे उद्या आपल्या लाडलची (वितळलेला धातू धरणाऱ्या भांड्याची) वीट असणार आहे, हे कुणी सांगत नाही.

प्रवाहशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत जे मांडलं ते ऐकायला साधं आहे. भिंतीला टेकलेला द्रव हलत नाही. भिंतीपासून जरा दूर तो पूर्ण वेगाने धावतो. या दोहोंमधला सगळा संघर्ष एका पातळ थरात उरकतो. तोच बाउंडरी लेयर, आपण सीमास्तर म्हणू. किती पातळ? वितळलेलं लोखंड सेकंदाला एक मीटर वेगाने सपाट भिंतीवरून संथ थरांत वाहत असेल, तर दहा सेंटिमीटर पुढे गेल्यावर हा थर साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. तेवढ्यात काय काय होतं ते मोजायला लागलं की बोटं पुरत नाहीत. वीट झिजते, अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) चिकटतो, फेरोअलॉय (पोलादात घालायचा लोखंडी मिश्रधातू) विरघळतो, पोलाद गोठायला सुरुवात होते.

हे गणित स्वतः हाताने करा. या थराच्या जाडीचं ब्लासियसने १९०८ मध्ये दिलेलं उत्तर एका ओळीत येतं: अंतर गुणिले गतिक स्निग्धता (म्हणजे स्निग्धता भागिले घनता) भागिले वेग, त्याचं वर्गमूळ, गुणिले पाच. मी आजही दौऱ्यावर असताना डायरीच्या मागच्या पानावर करते. २०० मिलिमीटर उंचीच्या स्प्रूच्या तळाशी धातू सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगाने येतो. स्प्रू २० मिलिमीटरचा असेल तर रेनॉल्ड्स संख्या (जडत्व आणि स्निग्धतेचं गुणोत्तर, जितकी मोठी तितका प्रवाह खळबळीचा) पन्नास हजारांच्या घरात जाते. म्हणजे पाठ्यपुस्तकातला तो शांत, थरांत वाहणारा प्रवाह फौंड्रीत जवळपास कुठेच नसतो. हा पहिला धक्का एकदा पचला की पुढचं सोपं जातं. दुसरा धक्का काटकोनातल्या वळणाचा. तिथे धातू आतल्या भिंतीपासून सुटतो, मागे पोकळी राहते आणि वाळूतून गॅस आत ओढला जातो. पीसमधली भोकं बघून आपण महिनाभर वाळूच्या ओलाव्याशी भांडत बसतो आणि दोष असतो रनरच्या त्या कोपऱ्याचा.

तिथून मी पुण्याला एका अॅल्युमिनियम कास्टिंगच्या कारखान्यात गेले आणि तिथे हीच गोष्ट दुधावर शिकले. गरम दूध ओतताना साय दुमडून पेल्यात गेली की ती परत वर येत नाही, घोटाघोटाला तोंडात येते. अॅल्युमिनियमवर तशीच ऑक्साइडची साय क्षणात धरते. पृष्ठभाग उसळून स्वतःवर दुमडला की सायीच्या दोन कोरड्या बाजू एकमेकींवर पडतात आणि जुळत नाहीत. पीसमध्ये तयार चीर बसते. बर्मिंगहॅमचे ओतकामाचे अभ्यासक जॉन कॅम्बेल यांनी आयुष्यभर हीच गोष्ट लावून धरली: अॅल्युमिनियम साच्यात सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेगाने शिरू देऊ नका. आता हा वेग किती उंचीवरून पडल्यावर येतो ते काढा. १२.७ मिलिमीटर! करंगळीच्या पेरापेक्षाही कमी. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला होता. वरून ओतण्याच्या पद्धतीबद्दल माझं जे मत झालं ते तेव्हापासून बदललेलं नाही.

पुढे एम.टेक.ला गेले. विषय होता टंडिश, म्हणजे लाडल आणि कंटिन्युअस कास्टरच्या (पोलाद सलग ओतून गोठवणाऱ्या यंत्राच्या) साच्यामधली ती लांबट टाकी. पोलाद १५०० अंशांच्या वर, आत डोकावता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेत अॅक्रिलिकची टाकी करून तिच्यातून पाणी सोडतात. हे चालतं, कारण वितळलेलं पोलाद पाण्यापेक्षा सातपट जड असलं तरी त्याची गतिक स्निग्धता पाण्याच्या आसपासच असते, किंबहुना जरा कमीच. पोलाद मधासारखं वाहत असेल असं बाहेरच्या लोकांना वाटतं. ते पाण्यासारखं वाहतं.

आमचं मॉडेल एक-तृतीयांश आकाराचं होतं. खरा कास्टर मिनिटाला तीन टन घेतो असं धरलं, म्हणजे साधारण ४३० लिटर. मी रेनॉल्ड्स संख्या जुळवली, ४३० ला तीनने भागलं आणि १४३ लिटरवर पंप सोडला. दहा सेकंदांत पाणी टाकीच्या काठावरून उड्या मारायला लागलं आणि जमिनीवर, माझ्या वहीवर आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपच्या पिशवीवर, प्रवाह दिसावा म्हणून पाण्यात टाकलेल्या पोटॅशियम परमँगनेटचं गुलाबी तळं झालं. सर दारात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "लाटा कशामुळे येतात?"

गुरुत्वाकर्षणामुळे. म्हणजे जुळवायची होती ती फ्राउड संख्या, जडत्व आणि गुरुत्वाचं नातं सांगणारी. तसं केलं की वेग मापाच्या वर्गमुळाने आणि प्रवाह मापाच्या अडीच घाताने घटतो. ४३० ला १५.६ ने भागायचं, उत्तर अठ्ठावीस लिटरही नाही. छोट्या मॉडेलमध्ये दोन्ही संख्या एकदम जुळत नाहीत. पूर्ण आकाराच्या मॉडेलमध्ये जवळपास जुळतात, पण तेवढी जागा कुठल्या कॉलेजकडे असते? मग कुठली संख्या सोडायची हे ठरवावं लागतं, आणि माझ्या मते या विषयातली अर्धी अक्कल तेवढ्यातच आहे. अठ्ठावीस लिटरवर मात्र तोच गुलाबी रंग संथपणे बांधाला वळसा घालून गेला आणि एका कोपऱ्यात पाच मिनिटं नुसता फिरत राहिला. खऱ्या टंडिशमध्ये त्या कोपऱ्यात पोलाद निवत बसलेलं असतं.

पाण्याच्या मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा तेही इथेच सांगते. वेगापुरता ठेवा, उष्णतेसाठी ठेवू नका. पाण्याची प्रांटल संख्या (गतिक स्निग्धता आणि उष्णतेचा प्रसार यांचं गुणोत्तर) सातच्या आसपास, पोलादाची ०.१ च्या आसपास. म्हणजे पाण्यात उष्णतेचा थर वेगाच्या थरापेक्षा पातळ आणि पोलादात तो उलट कितीतरी जाड. विरघळण्याचं आणखी तिसरंच. पोलादात मूलद्रव्यं फार सावकाश पसरतात, त्यामुळे त्यांचा थर वेगाच्या थराच्या पाचव्या भागाइतका बारीक असतो. एकाच भिंतीवर तीन थर, तिघांची जाडी वेगळी. लाडलच्या तळातून आर्गॉन सोडतो तो नुसतं ढवळायला नसतो, हा तिसरा थर घासून बारीक करायला असतो. थर अर्धा झाला की विरघळण्याचा वेग दुप्पट. नोझल, म्हणजे पोलाद साच्यात सोडणारी नळी, चोकअप होणं हाही याच थरातला खेळ: भिंतीलगतच्या मंद प्रवाहात अॅल्युमिनाचे कण पोचतात, आणि पोलाद अॅल्युमिनाला भिजवत नसल्यामुळे एकदा भिंतीला टेकले की सुटत नाहीत. म्हणून कॅल्शियम देऊन ते कण द्रवरूप करायचे.

आता मी सिम्युलेशन करते आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेते. सगळ्यांच्या रेझ्युमेवर सॉफ्टवेअरची नावं असतात. ओपनफोम फुकट मिळतं, घरी बसून शिकता येतं, जरूर शिका. पण मी पहिला प्रश्न विचारते, "भिंतीजवळचा पहिला सेल केवढा घेतलास?" सेल म्हणजे गणितासाठी प्रवाहाचे केलेले बारीक तुकडे. वॉल फंक्शन (भिंतीजवळचा थर न सोडवता सूत्राने धरणं) वापरणार असाल तर वाय प्लस (त्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) तीस ते तीनशेच्या मध्ये हवा, थर खराखुरा सोडवायचा असेल तर एकच्या आसपास. रंगीत चित्र दोन्हीकडे सारखंच सुंदर येतं. मागे एका मुलाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, सॉफ्टवेअरने आपोआप घेतला." प्रामाणिक होता, घेतलं त्याला. पण पहिले तीन महिने त्याला सॉफ्टवेअर उघडू दिलं नाही, शॉपवर पाठवलं.

तुम्हालाही तेच करायचं असेल तर फार काही लागत नाही. ओळखीतून एखाद्या फौंड्रीत परवानगी काढा. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनची कोल्हापूर शाखा आहे, तिथे विचारलं तरी माणसं भेटतात. आत गेल्यावर चकचकीत पीस बघू नका. तोडून टाकलेल्या रनर-रायझरचा (रायझर म्हणजे गोठताना आकसणाऱ्या पीसला धातू पुरवणारा साठा) ढीग कुठे आहे ते विचारा. दोन-चार रनर हॅकसॉने आडवे कापून घ्या. वळणानंतर आतल्या बाजूला स्पंजासारखी भोकं दिसतील, बाहेरच्या बाजूला धातू घट्ट असेल, शेपटीच्या टोकाला वाळू आणि स्लॅग, म्हणजे धातूची मळी, अडकलेला सापडेल. प्रवाह तिथे जसाच्या तसा गोठलेला असतो. फक्त सकाळी लवकर जा. पहिला चार्ज लागला की तो ढीग भट्टीत जातो.